तारेला टोचलेलं पत्र

दि. ४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. कार्ड कसलं, दीड ओळीची पावतीच ती. 'मी बरी, तू बरी अस' एवढ्यावर भागवतेस आणि उरलेल्या जागेत बहुधा काजं करतेस. पन्नास वर्षं लोकांच्या कोटांना काजं केलीस, आता चार शब्द बहिणीलाही घाल. फोन का करत नाहीस हे विचारत नाही. मी फोनवर मैदानात उभी असल्यासारखी ओरडते, ही तुझी जुनी तक्रार. तीस वर्षं शाळेतल्या मुलींना शिट्टी वाजवून पळवलं, आता निवृत्त झाले म्हणून आवाज थोडाच बसणार.

कामाचं लिहिते. इथली तळमजल्याची खोली तुझ्यासाठी तयार आहे. तुझ्या भाचीने पडदे लावले, पलंग खिडकीशी सरकवला. तिने तुझ्या घरमालकांनाही कळवून टाकलंय की मेअखेर तू खोली सोडतेस. गाडी घेऊन ती स्वतः येईल, तू फक्त बसायचं आहेस, आणि बसण्यात तुझा हात कोण धरणार.

माझे दोन्ही गुडघे बदलून वर्ष झालं, तरी काठी सुटत नाही. लेक सकाळी ऑफिसला गेली की दिवे लागल्यावर उगवते. आपण दोघी समोरासमोर बसू, एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळू. तुझं हृदय असं, त्यात एकटी राहतेस, माझ्या जिवाला घोर असतो.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनाआधी सगळ्या तपासण्या करतील. हृदय लहानपणापासून अधू आहे हे तिथल्या डॉक्टरांना आधीच सांग. आई होती तोवर ती सांगायची, आता तुलाच सांगायला हवं.

माया आहेच तुझी, ती सगळी घेऊन ये. बाकी सामान थोडं आण.

तुझी,
धाकटी


दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. एरवी शेजारची टायपिस्ट ऑफिसला जाताना टाकते हे तुला ठाऊक आहे, म्हणून आधी ही बातमी.

डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तपासायला बसलेली डॉक्टरीण इतकी लहान, की तुझ्या नववीच्या वर्गातून पळून आली असावी. तिने नळी कानाला लावायच्या आत मी पाठ केल्यासारखं सांगून टाकलं, की तेराव्या वर्षी लांबलेला ताप आला होता, त्यात हृदय गेलं. तिने ऐकून घेतलं. नळी लावली, मग छातीला तारा चिकटवून कागदावर रेघा काढल्या, मग पडद्यावर ते हृदय हलताना मलाही दाखवलं. त्यानंतर तिने विचारलं की हे तुम्हाला सांगितलं कोणी. मी म्हटलं, आईने. आईला कोणी, तर मोठ्या इस्पितळाने. ती म्हणाली की हृदय ठणठणीत आहे, तिच्या वडिलांचं असं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. पाय मात्र वाळलेत. दम लागतो तो आजाराने नाही, बसून बसून लागतो. जुने कागद असतील तर आणा, म्हणजे हा दोष केव्हा बरा झाला ते कळेल, असंही म्हणाली.

औषधाच्या चिठ्ठीवर एकही गोळी नाही. 'रोज चालणे' एवढंच लिहून खाली सही केली आहे. मी ती औषधांच्या दुकानात दाखवायला निघाले होते, टायपिस्टने हसत अडवलं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत गेले. खांब धरून उभी राहिले, नाडी मोजली आणि आता मरण येतंय का याची वाट पाहिली. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईने विचारलं की काही हरवलंय का. मी हो म्हटलं, नाहीतर काय सांगणार होते. दुसऱ्या दिवशी खांबापुढच्या दुकानाच्या पायरीपर्यंत. काल पोस्टाची लाल पेटी दिसली. तिथवर जायचं म्हणून तर हे एवढं मोठं पत्र लिहिलं.

तू पळणाऱ्यांची बाई. तुलाच विचारते, पाऊल कसं टाकायचं, श्वास किती पावलांनी घ्यायचा? सविस्तर कळव. तुझ्याकडे यायचंच आहे, तर तुझ्या दारातून गाडीने नाही, पायांनी आत येते की नाही बघ.

तुझ्या शिट्टीची वाट बघणारी,
ताई


दि. १९ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. कालच्या पोरीने दोन रेघा काढल्या म्हणून पन्नास वर्षांची पथ्यं खिडकीबाहेर फेकायची? यंत्रांचं मला सांगू नकोस. माझ्या शाळेत यंत्रांनी धडधाकट ठरवलेली मुलगी मैदानावर कोसळलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. जुना दोष दबा धरून बसतो आणि एक दिवस दगा देतो.

पाऊल कसं टाकायचं हे मी तुला शिकवणार नाही. तुझ्या मरणाचे धडे माझ्या हाताने द्यायचे नाहीत मला. घरातल्या घरात खिडकीशी उभी राहून हात वर-खाली कर, तेवढा व्यायाम पुष्कळ झाला.

आणि जुने कागद कसले शोधतेस? तेव्हाचं इस्पितळही आता पाडलं म्हणतात. ऑपरेशन आटपून घे आणि सामान बांध. पत्र टाकायला टायपिस्ट आहे.

रागावले नाही, घाबरले आहे. समजून घेशीलच.

तुझी,
धाकटी


दि. २० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू फुगली असशील. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पट्टी निघाली तेव्हा आधी घराच्या भिंती किती कळकट आहेत ते दिसलं, मग आरसा पाहिला आणि भिंतींना नावं ठेवणं सोडलं.

तुझं ऐकलं नाही. सगळं सांगते, मग हवी तेवढी ओरड. लाल पेटी आता माझ्या दृष्टीने घरातच आहे. तिच्यापुढे चपलांच्या कारखान्याजवळ दुसरी पेटी, तिच्यापुढे पुलापलीकडे तिसरी. या पत्रावर पुलापलीकडचा शिक्का असेल, नीट बघ. चपला सोडून नाडीचे बूट घेतले. दुकानदाराने नातवासाठी का म्हणून विचारलं, तेव्हा मी तिथल्या तिथे पाय पुढे केला. पूर्वी असं कुणी विचारलं असतं तर मी मान खाली घालून परत फिरले असते. रस्ता ओलांडताना आता मी हात वर करते आणि गाड्या थांबतात. इतकी वर्षं त्या माझ्यासाठी थांबल्या असत्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

परवा शिंपीमास्तरांच्या दुकानात गेले. तीस वर्षं त्यांचे कोट माझ्याकडे यायचे आणि काजं होऊन जायचे, दुकानातली एक बाई ने-आण करायची. दुकान तिसऱ्या मजल्यावर. दोनदा थांबून चढले. मास्तर मला बघून उठूनच उभे राहिले, मेलेलं माणूस दारात आल्यासारखे. आत काजं करायचं यंत्र होतं. मी विचारलं केव्हा घेतलं, तर बारा वर्षं झाली म्हणाले. मग माझ्याकडे कोट का पाठवत होता असं विचारलं, तर आधी त्यांनी यंत्रावर कापड ओढलं. शेवटी म्हणाले की हृदयाची बाई आहे, रिकामी बसली तर हाय खाईल, असं वाटलं. बारा वर्षं मी डोळे फोडून केलेली काजं दयेची होती, धाकटे. जिना उतरताना एकदाही थांबले नाही. रागाने पाय भराभर पडतात, हे तुझ्या शाळेत शिकवता का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा जिना चढले आणि त्यांना सांगितलं की दयेचं काम नको. हाताने करायचेच कोट असतील तर इथे बसून करीन, रोज चढून येईन. त्यांनी खिडकीजवळची जागा दिली. म्हणजे तुझ्याकडे यायचा बेत मला पुन्हा नीट विचारात घ्यावा लागेल. रागावू नकोस.

डॉक्टरीणबाई कागद कागद करते म्हणून आईची तार काढायचं ठरवलंय. आठवते ना? पत्र वाचून झालं की आई ते हातातून घ्यायची आणि खुंटीवरच्या वाकड्या तारेत टोचायची. आलेलं पत्र टाकलं तर लिहिणाऱ्याचा अपमान होतो म्हणायची, स्वतःला अक्षर वाचता येत नसूनही. आई गेली तेव्हा तूच ती तार चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलीस, माझा हात पोचणार नाही अशी. इस्पितळाचं पत्र त्यातच असणार. टायपिस्टची शिडी मागून ठेवली आहे. माळ्यावर मी चढते आहे हे आईने पाहिलं असतं तर तिने शेजारपाजार गोळा केला असता.

बूट तुलाही घेऊन देईन म्हणणारी,
ताई


दि. २४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहिते आहे, हे आजच टाकायचंय. शिडीवर चढू नकोस. नुकतं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तोल गेला तर कोण बघणार? आणि त्या तारेत आहे काय? मी तेव्हाच निम्मी पत्रं वाळवी लागली म्हणून फेकली होती, इस्पितळाचं त्यातच गेलं असेल. मला अगदी आठवतंय, गेलंच.

तुझ्या भाचीला या आठवड्यात पाठवते. माळा ती साफ करेल. तोवर हात लावू नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

तुझी,
धाकटी


दि. २८ एप्रिल

धाकटीस,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी तार काढली होती. वाळवी कुठेही नाही. आईने एका मापाने सगळी पत्रं टोचली आहेत, जुनी खाली, नवी वर.

इस्पितळाचं पत्र तळापासून सातवं. पाच ओळी आहेत. 'आपल्या थोरल्या मुलीची फेरतपासणी झाली. हृदयात कोणताही दोष राहिलेला नाही. तिला शाळेत पाठवावे. धावण्या-खेळण्यास हरकत नाही. पुन्हा आणण्याची गरज नाही.' खाली सही आणि शिक्का.

तो दिवस मला आठवतो. तापानंतर वाचलं तर डोळ्यांवर आणि छातीवर ताण येतो अशी आईची समजूत होती, म्हणून घरात वाचायचं काम तुझं. तू खिडकीशी उभी राहिलीस. तू वाचलंस की पळायचं नाही, जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, जन्मभर. तू एकदाही अडखळली नाहीस. वाचून झाल्यावर आई खाली बसली आणि मी तिला पाणी द्यायला उठले, तर तिने मला उठू दिलं नाही. त्या दिवसापासून तिने मला उठू दिलंच नाही.

तू काय वाचत होतीस?

ताई


दि. ६ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून आई नीट जेवत नाही. काय लिहिलंस ते दाखवत नाही, विचारलं तर म्हणते की मावशीचं दुखणं बळावलंय, हृदयाच्या आजारात शेवटी शेवटी माणूस संशयी होतं, काहीबाही आठवू लागतं, आपण मनावर घ्यायचं नाही. मी मनावर घेतलेलं नाही. पण तू एकटी तिथे पुलापलीकडे भटकतेस, शिड्या चढतेस, कुठल्याशा दुकानात जाऊन बसतेस, हे ऐकून मला धडकी भरते.

म्हणून मेअखेरची वाट न पाहता येत्या वीस तारखेला गाडी घेऊन येते. घरमालकांना फोन केला आहे, ते लवकर किल्ली घ्यायला तयार आहेत. तू काही उचलू नकोस, सामान मी बांधीन. इकडच्या डॉक्टरांची वेळही आईने घेऊन ठेवली आहे, तुझी सगळी माहिती तीच त्यांना सांगणार आहे.

ऑफिसात नकाशे काढता काढता लिहिते आहे, अक्षर माफ कर. तुझ्या खोलीच्या पडद्यांवर निळी फुलं आहेत, तुला आवडतील.

तुझी लाडकी (आई म्हणते, लाडावलेली),
भाची


दि. ९ मे

चि. भाचीस,
अ. उ. आ.

पडदे छान असणार, तुझी निवड आहे. वीस तारखेला ये, पण गाडी रिकामी परत नेण्याच्या तयारीने ये. घरमालकांना मी आज सकाळी चालत जाऊन भेटले आणि खोली सोडत नाही असं समोर उभं राहून सांगितलं. ते म्हणाले की तुमच्या भाचीने तर वेगळंच सांगितलं. मी म्हटलं, भाची चांगली आहे, पण खोलीत मी राहते. एवढं एक वाक्य बोलायला मला त्रेसष्ट वर्षं लागली.

माझं डोकं ठिकाणावर आहे. आईला एवढंच विचार, की इस्पितळाचं पत्र आलं तेव्हा तिने आजीला काय वाचून दाखवलं. ती सांगेल ते मला कळव. तिने सांगितलं नाही, तर तू आलीस की मी सांगीन.

तुझ्यावर राग नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
मावशी


दि. १३ मे

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

मायना लिहिताना हात थबकला. तुझ्या पत्रात आशीर्वादाचं अ. उ. आ. नव्हतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

लेकीने तुझा प्रश्न जशाच्या तसा मला विचारला. मी विषय बदलला. ती माझ्याकडे बघत राहिली. ताई, तिला सांगू नकोस. जे काय आहे ते आपल्या दोघींत मिटवू. म्हणून आज सगळं लिहिते.

त्याच आठवड्यात शहरातून आत्या आली होती. दोघींपैकी एकीलाच नेईन, शिकवीन, म्हणाली होती. थोरलीचा हक्क पहिला, पण ती बरी झाली असेल तर. मी भांडी विसळत ऐकलं होतं. तुला आठवत नसेल, कारण जिंकणाऱ्याला आठवत नाही. शाळेच्या प्रत्येक शर्यतीत तू पहिली आणि मी दुसरी. तुझ्या पाठीवरची वेणी बघत बघत मी लहानपण पळाले. तू तापाने पडलीस तेव्हा मी पहिल्यांदा पहिली आले, आणि कुणी टाळी वाजवली नाही, कारण सगळे तुझी विचारपूस करत होते.

पत्र हातात आलं आणि तोंडातून ते निघालं. ठरवून नाही. मला वाटलं, एक वर्ष जाईल, मी आत्याकडे रुळेन, मग आई तुला पुन्हा दाखवेल आणि सगळं आपोआप निस्तरेल. आईने पुन्हा दाखवलंच नाही. मी अकरा वर्षांची होते. अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं? पुढे पुढे ते इतकं खरं झालं, की मलाच तुझी काळजी वाटू लागली. खरंच वाटायची, यावर विश्वास ठेव. आई गेली तेव्हा तार जाळायला काढली होती, तर तू दारात येऊन म्हणालीस की आईची आठवण म्हणून राहू दे.

शिक्षा म्हणशील तर ती मला मिळाली. पळवणाऱ्या बाईला आता न्हाणीघरापर्यंत जायला काठी लागते. तुझ्या पत्रावरचा पुलापलीकडचा शिक्का बघितला आणि मला मत्सर वाटला. बघ, अजूनही.

वीस तारखेला ये. लेकीला काही न सांगता ये. मला इथे एकटीला दिवस खायला उठतो. मी तुझी सेवा करीन म्हणणार होते, पण खरं लिहायला बसलेय तर खरंच लिहिते, मला तू हवी आहेस.

क्षमा मागण्याइतकं तोंड नाही. माया होती, ती थोडी उरली असेल तर पाठव.

तुझी,
धाकटी


दि. १७ मे

धाकटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग बूट घालून टेकडीवर गेले. टेकडीच्या माथ्यावर पोस्टाची पेटी आहे. जाऊन यायला सव्वादोन तास लागतात. चढ न थांबता चढले आणि वर बसून रडले. लोकांना वाटलं दमले. दमले नव्हते, तेच रडणं होतं. प्रत्येक पाऊल सहज पडतं, आणि प्रत्येक पावलाला वाटतं की हे मला विसाव्या वर्षी पडलं असतं, तिसाव्या वर्षी पडलं असतं. चालायला लागल्याचा आनंद मला कुणी निर्मळ घेऊ दिला नाही. तो डॉक्टरणीने दिला आणि तू पाच ओळींत परत नेलास.

आत्याचं मला ठाऊक नव्हतं. ते गेलं असं धरते. शाळाही गेली असं धरते. आईचं मात्र मला धरवत नाही. आपल्याकडे पाणी खालच्या नळावरून आणावं लागायचं. आई सत्तराव्या वर्षापर्यंत दोन-दोन बादल्या घेऊन आत यायची, आणि मी तिशीतली, चाळिशीतली, धडधाकट हृदयाची, काजं करत बघत बसायचे. ती बादली ठेवून माझ्या कपाळाला हात लावायची, मला धाप तर लागली नाही ना म्हणून. शेवटच्या वर्षी ती कमरेतून सरळ होत नव्हती. मी तिला उचलू शकले असते. मी तिला कडेवर घेतलं असतं.

अकरा वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं विचारतेस. मी तेच मनाशी घोकत टेकडी उतरले आणि घरी येईपर्यंत तुला निम्मी माफी देऊन झाली होती. अकरा वर्षांचं पोर खोटं बोलतं, घाबरतं, गप्प बसतं. त्याच्यावर एवढा राग धरायचा नसतो.

पण तार अजून खाटेवरच होती. तू लिहिलेलं सगळं त्यावर आहे, कारण आईने तुझं एकही पत्र टाकलं नाही. मधल्या थरात तुझं एक निळ्या शाईचं पत्र सापडलं. तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस, नुकती शाळेत बाई झाली होतीस. मी तुला समोरच्या घड्याळजींबद्दल लिहिलं होतं, आठवतं का? आईने त्यांना सरळ सांगितलं होतं, की हिचं हृदय अधू आहे, मूल होणं झेपायचं नाही. तरी ते म्हणाले होते की पुन्हा एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू, ते काय म्हणतात ते ऐकू, मी थांबतो. मी तुला विचारलं की दाखवू का, कारण तू शिकलेली, शरीराचं तुला कळतं. तुझं उत्तर माझ्यासमोर आहे. तू लिहिलंस, 'उगाच आशेला लावून घेऊ नकोस ताई. डॉक्टर तेच सांगतील आणि दुसऱ्यांदा ऐकणं तुला सोसणार नाही. त्यांना नाही म्हण, त्यातच तुझं भलं आहे.' मी नाही म्हटलं. ते दोन वर्षं थांबले. रोज दुकान उघडताना माझ्या खिडकीकडे बघायचे. मग त्यांनी लग्न केलं, आणि त्यांची तीन मुलं मी खिडकीतून मोठी होताना पाहिली.

बावीस वर्षांच्या बाईला कळतं, धाकटे. अकरा वर्षांच्या मुलीमागे ती बाई किती दिवस लपवशील? आणि त्रेसष्ट वर्षांची मी वेडी झाले असं परवा लेकीला सांगणारी कोण होती, ती किती वर्षांची होती?

मी येणार नाही. खोली माझी आहे, खिडकीजवळची जागाही माझी आहे. मास्तरांचे दोन कोट उद्या द्यायचेत. तुझे दिवस कसे जातील याची मला काळजी वाटते, वाटणार. ती सवय आहे, तिला मी माया म्हणत नाही. भाची वीस तारखेला आली तर तिला टेकडीवर घेऊन जाईन. तू आधी सांगितलं नसशील, तर चढताना मी सांगीन. मला आता चढताना बोलता येतं.

सोबत दोन पत्रं पाठवते आहे, इस्पितळाचं आणि निळ्या शाईचं. नक्कल ठेवलेली नाही, जाळायची तर जाळ. पण त्याआधी एक कर. लेकीला समोर बसव, खिडकीशी उभी राहा, काठी लागली तर घे, आणि दोन्ही मोठ्याने वाच. या खेपेला जे लिहिलंय तेच वाच.

ताई